चौदा खुर्च्या, दोन सरकारं: १९४६ च्या अंतरिम सरकारची गोष्ट

आजचा एपिसोड थोडा मोठा आहे, तेव्हा बसमध्ये असाल तर खिडकीची सीट पकडा आणि घरी असाल तर चहा टाका.

सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करू. तुमच्यापैकी अनेकांनी मोबाईलवरून शेअर्स नाहीतर म्युच्युअल फंड विकले असतील. विकून फायदा झाला की त्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स बसतो, हेही माहीत असेल. हा टॅक्स भारतात सगळ्यात आधी कोणी आणला?

उत्तर आहे, लियाकत अली खान. हो, तेच. पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान. पण हा टॅक्स त्यांनी कराचीत बसून नाही लावला. २८ फेब्रुवारी १९४७ ला, दिल्लीत, अखंड भारताचे अर्थमंत्री म्हणून त्यांनी जे बजेट मांडलं त्यात तो होता. त्याच सरकारात गृहखातं सरदार पटेलांकडे होतं आणि परराष्ट्र खातं नेहरूंकडे. संरक्षण बलदेव सिंगांकडे. (टॅक्स १९४९ मध्ये काढला गेला आणि १९५६ मध्ये परत आला, पण पहिला मान लियाकतअलींचाच.)

शाळेच्या पुस्तकात या सरकारला दोन ओळी मिळतात. 'अंतरिम सरकार स्थापन झाले. नंतर फाळणी झाली.' या दोन वाक्यांच्या मध्ये जे घडलं ते मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. काँग्रेस आणि मुस्लिम लीग, म्हणजे देशातले सगळ्यात मोठे दोन पक्ष, एकाच टेबलाभोवती बसले होते. सगळे पक्ष एकत्र आले की देश वाचतो, असं आपल्याला नेहमी वाटतं. इथे ते एकत्र आले, आणि एकत्र येण्याच्या अनुभवानेच वेगळं होण्याची खात्री पटली. असं का झालं, ते आज बघू.

पाया घालतानाच तडा

दुसरं महायुद्ध संपलं. ब्रिटन विजयी, पण खिसा रिकामा. भारत सोडायचा हे जवळजवळ ठरलेलं. प्रश्न एवढाच की चावी कोणाच्या हातात द्यायची.

१९४५ च्या शेवटी केंद्रीय कायदेमंडळाची निवडणूक झाली. मुस्लिमांसाठी राखीव असलेल्या ३० जागा होत्या आणि लीगने त्या सगळ्या जिंकल्या. काँग्रेसने सर्वसाधारण जागांवर झाडू फिरवला. म्हणजे जिना म्हणत होते, 'मुसलमानांच्या वतीने फक्त मीच बोलणार', आणि आकडे त्यांच्या बाजूने होते. काँग्रेस म्हणत होती, 'आम्ही सगळ्या धर्मांचे आहोत, आम्ही हिंदूंचा पक्ष नाही', आणि तेही सोडून देणं त्यांना शक्य नव्हतं, कारण मग पक्षच कशासाठी?

मार्च १९४६ मध्ये ब्रिटनहून तीन मंत्री आले: पेथिक-लॉरेन्स, क्रिप्स आणि अलेक्झांडर. यालाच आपण कॅबिनेट मिशन म्हणतो. १६ मे ला त्यांनी योजना मांडली. देश एकच, पण केंद्राकडे फक्त संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण. बाकी सगळं प्रांतांकडे, आणि प्रांतांचे तीन गट. पाकिस्तान नाही, पण पाकिस्तानच्या जवळ जाणारं काहीतरी.

गंमत बघा, सुरुवातीला दोघांनीही 'हो' म्हटलं. लीगने ६ जूनला, काँग्रेसने २५ जूनला. पण दोघांनी ती योजना वेगवेगळी वाचली होती. लीगच्या मते प्रांतांनी गटात जाणं सक्तीचं. काँग्रेसच्या मते ऐच्छिक. एकाच डॉक्युमेंटवर दोन टीम्सनी सही केली आणि प्रत्येकीने आपल्या मनातलं स्पेसिफिकेशन गृहीत धरलं, असा प्रकार.

पुढचा भाग आपल्या मुंबईत घडला. जुलैच्या सुरुवातीला काँग्रेसची महासमिती मुंबईत भरली आणि तिने योजनेला मान्यता दिली. त्यानंतर १० जुलैला नेहरूंनी मुंबईतच पत्रकार परिषद घेतली. घटना समितीत काँग्रेस कुठल्याही बंधनाशिवाय जाणार आणि प्रांतांचे गट बहुधा होणारच नाहीत, अशा अर्थाचं ते बोलले. जिनांना हवं ते कारण मिळालं. म्हणजे 'सत्ता हातात आली की हे शब्द फिरवणार' असं म्हणायला. महिनाअखेर लीगची कौन्सिलसुद्धा मुंबईतच बसली आणि २९ जुलैला तिने आपली मान्यता मागे घेतली. सोबत 'डायरेक्ट ॲक्शन'ची हाक दिली. तारीख ठरली १६ ऑगस्ट.

त्या दिवशी कलकत्त्यात जे सुरू झालं, त्यात काही दिवसांत हजारो माणसं मारली गेली.

रक्तातच शपथविधी

व्हॉइसरॉय होते लॉर्ड वेव्हेल. त्यांनी लीगशिवाय पुढे जायचं ठरवलं. २ सप्टेंबर १९४६ ला अंतरिम सरकारने शपथ घेतली. इतकी वर्षं तुरुंगाच्या वाऱ्या करणारी माणसं आता सरकारी मोटारीतून सचिवालयात जात होती. आनंदाचा दिवस असायला हवा होता. पण लीगने त्या दिवशी काळे झेंडे लावायला सांगितलं होतं आणि मुंबईत दंगल भडकली होती. या सरकारात जाणारे शफात अहमद खान यांच्यावर तर शपथेच्या आधीच सिमल्यात चाकूहल्ला झाला होता.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेऊ, कारण पुढची अर्धी भांडणं त्यावर उभी आहेत. कायद्याच्या भाषेत हे 'मंत्रिमंडळ' नव्हतंच. ही व्हॉइसरॉयची कार्यकारी परिषद होती. तिचा कायदेशीर सांगाडा १९१९ च्या कायद्यातून आलेला. अध्यक्ष व्हॉइसरॉय. नेहरू उपाध्यक्ष. पंतप्रधान असं पदच नाही. प्रत्येक सदस्य स्वतंत्रपणे व्हॉइसरॉयला उत्तर देणार.

नेहरूंनी मात्र पहिल्या दिवसापासून ठरवलं की आपण हे खऱ्या मंत्रिमंडळासारखं चालवायचं. सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यायचा, सगळ्यांनी मिळून जबाबदारी घ्यायची. काँग्रेसच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. स्वातंत्र्य आलंय, तर तसं वागायला नको का? पण कागदावर ते लिहिलेलं नव्हतं, आणि ही फट पुढे मोठी होत गेली.

लीग आत आली, पण कशासाठी?

बाहेर राहून लीगचं नुकसान होत होतं. पोलीस, पैसा, बदल्या, सगळं काँग्रेसच्या हातात. वेव्हेललाही लीग आत हवी होती, कारण दंगली थांबवायच्या तर दोघेही सरकारात हवेत असं त्याला वाटत होतं. ऑक्टोबरच्या मध्यावर जिनांनी होकार दिला आणि २६ ऑक्टोबरला लीगचे पाच जण सरकारात आले.

आता चौदा खुर्च्यांचं गणित असं झालं. काँग्रेसचे सहा: नेहरू, पटेल, राजेंद्रप्रसाद, राजाजी, असफ अली, जगजीवन राम. लीगचे पाच: लियाकत अली खान, आय. आय. चुंद्रीगर, अब्दुर रब निश्तर, गझनफर अली खान आणि जोगेंद्रनाथ मंडल. बाकी तीन: शीख बलदेव सिंग, ख्रिश्चन जॉन मथाई, पारशी सी. एच. भाभा. जागा करून देण्यासाठी शरदचंद्र बोस, शफात अहमद खान आणि सय्यद अली झहीर बाहेर पडले. जिना स्वतः आलेच नाहीत.

यातलं मंडल हे नाव लक्षात ठेवा. ते बंगालमधले दलित नेते. काँग्रेसने आपल्या कोट्यातून मुसलमान नेता घेतला होता, तर लीगने आपल्या कोट्यातून दलित हिंदू घेतला. जशास तसं. मराठी माणसाला मंडल आणखी एका कारणाने माहीत हवेत. जुलै १९४६ मध्ये डॉ. आंबेडकर घटना समितीवर बंगालमधून निवडून गेले, त्यात मंडल यांचा मोठा वाटा होता. फाळणीनंतर बाबासाहेबांची ती जागा गेली आणि मग बॅरिस्टर जयकरांनी रिकाम्या केलेल्या मुंबईच्या जागेवरून ते परत आले.

आता मुख्य मुद्दा. लीग सरकारात आली, पण २९ जुलैचा ठराव तिने मागे घेतला नव्हता. म्हणजे ज्या योजनेतून हे सरकार जन्माला आलं, ती योजनाच तिला मान्य नव्हती. वेव्हेलने 'आत आले की हळूहळू मान्य करतील' या भरवशावर दार उघडलं. शपथेच्या आधीच गझनफर अलींनी लाहोरमध्ये उघड सांगितलं होतं, की आम्ही सरकारात जातोय ते पाकिस्तानच्या लढाईसाठी पाय रोवायला जागा मिळावी म्हणून. लपवाछपवी काहीच नव्हती.

आणि दुसऱ्या बाजूचंही बघा. लीगच्या नजरेत काँग्रेस या सरकाराकडे पुढच्या अखंड भारताच्या सत्तेचा पहिला हप्ता म्हणून बघत होती. एकदा यंत्रणा हातात आली की पाकिस्तानचा प्रश्न आपोआप मिटेल, अशी काँग्रेसची अपेक्षा आहे, असं लीगला वाटत होतं. ते वाटणंही अगदी निराधार नव्हतं.

एका खात्याची किंमत

खातेवाटपावरून सरकार रखडणं आपल्याला नवीन नाही. तेव्हाही तेच झालं. वेव्हेलचं म्हणणं होतं, की गृह, संरक्षण, परराष्ट्र या तीनपैकी एक तरी मोठं खातं लीगला द्या. काँग्रेस तयार नव्हती. पटेल तर गृहखातं सोडण्यापेक्षा सरकार सोडेन म्हणाले.

मग तोडगा निघाला अर्थखात्याचा. मौलाना आझादांनी आपल्या आत्मकथनात हा किस्सा सांगितलाय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ही कल्पना रफी अहमद किडवाई यांची. हिशेब असा, की अर्थखातं किचकट, लीगकडे ते पेलणारा माणूस नाही. एकतर ते नाकारतील, नाहीतर घेऊन तोंडावर पडतील. पण चौधरी मोहम्मद अली नावाचे अर्थखात्यातले एक हुशार अधिकारी लीगच्या जवळचे होते. त्यांनी जिनांना समजावलं, की हे तर घबाड आहे, डोळे मिटून घ्या. आझाद हे सगळं बऱ्याच वर्षांनी लिहीत होते आणि त्यांची स्वतःची बाजू त्यात आहे, हे धरून चाला. पण निकाल काय झाला ते सगळ्यांनी पाहिलं.

सरकारात अर्थखात्याची ताकद कशात असते? गृहखात्याला पोलिसांची नवीन तुकडी हवी, फाइल अर्थखात्याकडे. शेतीखात्याला योजना काढायची, फाइल अर्थखात्याकडे. प्रत्येक खर्चाला त्यांची संमती. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बाकी सगळ्यांकडे कोड लिहायचा अधिकार होता, पण प्रत्येक बदलाला अप्रूव्हल देणारा माणूस एकच, आणि तो समोरच्या टीमचा. त्याने 'नाही' म्हणायचीसुद्धा गरज नाही. प्रश्न विचारत राहिलं, फाइल परत पाठवत राहिलं, तरी काम थांबतं. आझाद लिहितात, की पटेलांना पुढे कळून चुकलं की अर्थखात्याच्या मंजुरीशिवाय साधा चपराशीसुद्धा नेमता येत नाही.

म्हणजे पटेलांनी हट्टाने राखलेलं गृहखातं लियाकतअलींच्या टेबलावरून जात होतं. मोठं खातं कोणतं, याचा काँग्रेसचा अंदाज चुकला होता.

चहाचं निमंत्रण

नेहरूंनी एक पद्धत पाडली होती. परिषदेच्या औपचारिक बैठकीआधी सगळ्या सदस्यांनी त्यांच्या खोलीत चहाला जमायचं, विषय आपसात मिटवायचे आणि मग व्हॉइसरॉयसमोर एकमुखाने बोलायचं. म्हणजे व्हॉइसरॉय नावापुरता उरतो. चाल चांगली होती.

लीग आल्यावर लियाकतअलींनाही निमंत्रण गेलं. ते पाठवलं होतं नेहरूंच्या खासगी सचिवाने. आझाद लिहितात, की लियाकतअलींना तो अपमान वाटला. शिवाय त्यांचं म्हणणं, की उपाध्यक्षाला अशा बैठका घ्यायचा अधिकारच नाही. ते गेले नाहीत. उलट लीगच्या सदस्यांच्या वेगळ्या बैठका सुरू केल्या.

चहावरून एवढं? तर मुद्दा चहाचा नव्हताच. त्या खोलीत जाणं म्हणजे नेहरूंना पंतप्रधान मानणं. न जाणं म्हणजे 'आम्ही व्हॉइसरॉयचे सदस्य, तुमचे मंत्री नाही' असं सांगणं. कायद्याचा कागद लीगच्या बाजूने होता, काळाची दिशा नेहरूंच्या. आणि मघाशी म्हटलेली फट आता भिंत झाली होती. एका सरकारात दोन कॅबिनेट बसू लागल्या, आणि अधिकाऱ्यांनाही कळू लागलं की आपण कोणत्या कॅबिनेटचे ते ठरवावं लागणार.

बिहारमधले दिवस

पण एक प्रसंग असा आहे, जिथे हे सरकार खरंच सरकार वाटतं.

ऑक्टोबरमध्ये पूर्व बंगालमधल्या नोआखालीत हिंदूंवर भयानक हल्ले झाले. त्याची प्रतिक्रिया म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी बिहारमध्ये मुसलमानांची कत्तल सुरू झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नेहरू, पटेल, लियाकत अली आणि निश्तर असे चौघे, दोन काँग्रेसचे, दोन लीगचे, एकत्र दंगलीच्या भागात गेले. पटेल आणि लियाकत अली दिल्लीला परतले. नेहरू आणि निश्तर बिहारमध्ये थांबले. गावोगाव फिरले. नेहरूंनी तिथल्या जमावांना, म्हणजे आपल्याच पक्षाला मतं देणाऱ्या लोकांना, अतिशय कडक शब्दांत सुनावलं.

मला नेहमी वाटतं, की या सरकारचं खरं काम हेच होतं. घाबरलेल्या माणसाला दिसायला हवं होतं की दोन्ही बाजूंचे पुढारी एकत्र आलेत आणि दोघंही 'थांबा' म्हणतायत. ते काही दिवस दिसलं. मग सगळे दिल्लीला परतले आणि पुन्हा फाइली, पुन्हा वेगळ्या बैठका. ज्यांची घरं जळाली त्यांना चहाच्या खोलीत कोण गेलं आणि कोण नाही, याच्याशी काय घेणंदेणं होतं?

बजेट की बाँब?

डिसेंबरमध्ये ब्रिटिश पंतप्रधान ॲटलींनी नेहरू, जिना, लियाकत अली आणि बलदेव सिंग यांना लंडनला बोलावलं. तोडगा निघाला नाही. ९ डिसेंबरला घटना समितीची पहिली बैठक दिल्लीत भरली, लीगच्या खुर्च्या रिकाम्या. जानेवारीच्या शेवटी लीगने कराचीत ठराव केला, की घटना समितीच बरखास्त करा. आता काँग्रेसचा संयम संपला. सरकारात बसायचं आणि त्याच सरकाराच्या मूळ योजनेला नकार द्यायचा, हे कसं चालेल? ५ फेब्रुवारी १९४७ ला बाकीच्या नऊ सदस्यांनी वेव्हेलकडे मागणी केली, की लीगच्या पाच जणांचे राजीनामे घ्या. पटेलांनी तर सांगितलं, ते जात नसतील तर आम्ही जातो.

वेव्हेल उत्तर देण्याआधी लंडनहून उत्तर आलं. २० फेब्रुवारीला ॲटलींनी जाहीर केलं, की जून १९४८ पर्यंत आम्ही भारत सोडणार, आणि वेव्हेलच्या जागी माउंटबॅटन येणार. घड्याळ लागलं. आता जुळवून घेण्याची गरजच कोणाला उरली नाही. जो तो आपल्या वाट्याची तयारी करू लागला.

आणि आठ दिवसांनी ते बजेट आलं.

बजेटमध्ये काय होतं? मिठावरचा कर रद्द. ज्या मिठासाठी गांधीजी १९३० मध्ये दांडीला चालत गेले, त्यावरचा कर शेवटी लीगच्या अर्थमंत्र्याने काढला. आयकराची मर्यादा २,००० वरून २,५०० रुपये. आणि दुसऱ्या बाजूला, एक लाखावरच्या धंद्याच्या नफ्यावर २५ टक्के नवा कर, कॉर्पोरेशन टॅक्स दुप्पट, कॅपिटल गेन्स टॅक्स, आणि युद्धकाळात कर बुडवून गब्बर झालेल्यांची चौकशी करणारा आयोग. लोकांनी याला 'गरिबांचं बजेट' म्हटलं.

मुंबई-कलकत्त्याच्या शेअर बाजारांत घबराट पसरली. मोठे कारखानदार बहुतेक हिंदू आणि पारशी, त्यातले अनेक काँग्रेसचे आधारस्तंभ. त्यांनी पटेलांकडे धाव घेतली. पटेल आणि राजाजी भडकले: हा समाजवाद नाही, काँग्रेसची रसद तोडण्याचा डाव आहे. पण अडचण अशी, की श्रीमंतांवर कर लावा, विषमता कमी करा, हे तर काँग्रेस स्वतःच वर्षानुवर्षं सांगत होती. नेहरू विरोध करणार तरी कोणत्या तोंडाने?

हे बजेट प्रामाणिक होतं की राजकीय? माझं मत सांगतो: दोन्ही. युद्धात नफेखोरी झाली होती, करचुकवेगिरी होती, आणि मिठावरचा कर जायलाच हवा होता. त्याच वेळी तो कोणाला झोंबेल हे लियाकतअलींना चांगलं माहीत होतं. शेवटी तडजोड झाली आणि धंद्याच्या नफ्यावरचा कर २५ वरून १६ पूर्णांक २/३ टक्क्यांवर आला. पण तोपर्यंत एकमेकांच्या चांगल्या कामावरसुद्धा विश्वास ठेवता येत नाही, इथपर्यंत गोष्ट आली होती. आघाडीत पोहोचू नये अशी जागा हीच. चुकीच्या निर्णयावर भांडता येतं. बरोबर निर्णयातसुद्धा डाव दिसायला लागला, की मग एकत्र बसण्यात अर्थ राहत नाही.

कोसळणं नाही, चिरणं

आता तुम्ही विचाराल, सरकार पडलं कधी? कोणी राजीनामा दिला? तर कोणीच नाही. हे सरकार पडलं नाही, उभं चिरलं गेलं.

मार्चच्या सुरुवातीला पंजाबात खिज्र हयात खानांचं संयुक्त सरकार गेलं आणि पंजाब पेटला. ८ मार्चला काँग्रेस कार्यकारिणीने पंजाबच्या विभाजनाची मागणी केली, म्हणजे फाळणीचं तत्त्व जवळपास मान्य केलं. माउंटबॅटन महिनाअखेर दिल्लीत आले तेव्हा पटेलांचं मन बरंचसं ठरलेलं होतं. त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की अंतरिम सरकारातल्या अनुभवाने माझे डोळे उघडले. फाळणी नाकारली असती तर प्रत्येक कचेरीत एक पाकिस्तान उभं राहिलं असतं, असा त्यांचा सूर होता.

३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली. १९ जुलैला एक आदेश निघाला आणि कार्यकारी परिषदेचे अधिकृतपणे दोन भाग झाले: एक भारताचा, एक होणाऱ्या पाकिस्तानचा. एकाच शहरात, एकाच सचिवालयात, दोन सरकारं.

आणि इथे इतिहास जरा क्रूर विनोद करतो. ज्या लोकांना नऊ महिने एकत्र सरकार चालवता आलं नाही, त्यांनी ७३ दिवसांत एका खंडप्राय देशाची वाटणी केली. फाळणीच्या कौन्सिलमध्ये एकीकडे पटेल आणि राजेंद्रप्रसाद, दुसरीकडे आधी लियाकत अली आणि निश्तर, मग निश्तर यांच्या जागी खुद्द जिना. रोजचं काम दोन अधिकाऱ्यांच्या खांद्यावर: भारताकडून एच. एम. पटेल, पाकिस्तानकडून तेच चौधरी मोहम्मद अली. सैन्य, रेल्वेचे डबे, टाइपरायटर, टेबल-खुर्च्या, सगळ्याच्या याद्या झाल्या. पुढे एच. एम. पटेल १९७७ मध्ये जनता सरकारचे अर्थमंत्री झाले आणि चौधरी मोहम्मद अली १९५५ मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान.

महाराष्ट्रात ज्या '५५ कोटीं'वरून आजही कट्ट्यावर वाद होतात, तो आकडा याच वाटणीतला. पाकिस्तानचा रोख वाटा ७५ कोटी ठरला, २० कोटी आधी दिले होते, उरले ५५.

वाटणी करताना त्यांचं जमलं, कारण तेव्हा पहिल्यांदाच दोघांना काय हवंय ते एकच होतं: १५ ऑगस्टच्या आत मोकळं व्हायचं. माणसांची वाटणी मात्र यादी करून होत नाही. त्याची किंमत पंजाब आणि बंगालमधल्या लाखो लोकांनी दिली.

मग दोष कोणाचा?

व्हॉट्सॲपवर याची उत्तरं एका ओळीत मिळतात. जिनांचा. नेहरूंचा. इंग्रजांचा. तुम्हाला हवं ते निवडा.

मला वाटतं, माणसांचे दोष होतेच, पण या सरकारची रचनाच अशी होती की चांगली माणसंही त्यात एकमेकांना अडवत बसली असती. खाती वाटली गेली, पण हे सरकार नक्की कशासाठी आहे, ते कधीच ठरलं नाही. एकाला त्यातून अखंड भारत घडवायचा होता, दुसऱ्याला पाकिस्तान. आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? कागदावर व्हॉइसरॉयचा, जो स्वतःच सामान बांधत होता.

तुलनेला फार लांब जायला नको. १५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंनी जे मंत्रिमंडळ बनवलं तेही एका अर्थाने सर्वपक्षीय होतं. काँग्रेसवर आयुष्यभर सडकून टीका करणारे डॉ. आंबेडकर त्यात होते, हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी होते, भाभा आणि मथाई होते, जस्टिस पार्टीतून आलेले षण्मुखम चेट्टी अर्थमंत्री होते. मतभेद काही कमी नव्हते. पण देश कोणता, यावर वाद नव्हता आणि पंतप्रधान कोण, यावरही नव्हता. म्हणून ज्यांचं पटलं नाही त्यांनी राजीनामा दिला आणि सरकार चालू राहिलं. मुखर्जी एप्रिल १९५० मध्ये गेले, आणि कशावरून? नेहरूंनी अल्पसंख्याकांच्या सुरक्षेसाठी केलेल्या करारावरून. करार कोणाशी? लियाकत अली खान यांच्याशी! एका सरकारात असताना या दोघांना जे जमलं नाही, ते दोन देशांचे पंतप्रधान म्हणून निदान कागदावर तरी जमलं.

आणि मंडल? ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. पूर्व बंगालमधल्या हिंदूंवरचे, त्यातही दलितांवरचे अत्याचार थांबेनात, आणि सरकारात आपलं कोणी ऐकत नाही, हे त्यांना कळलं. ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांनी लांबलचक पत्र लिहून राजीनामा दिला आणि ते भारतात निघून आले. वर्षभराने, १६ ऑक्टोबर १९५१ ला, लियाकत अली खान यांची रावळपिंडीत गोळ्या घालून हत्या झाली.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुठल्याही देशात, कुठल्याही संकटात 'सगळ्या पक्षांनी एकत्र येऊन राष्ट्रीय सरकार बनवावं' असं कोणी म्हणालं, तर लगेच टाळ्या वाजवू नका आणि नाकही मुरडू नका. फक्त एवढं विचारा: यांना एकत्र येऊन करायचंय काय, हे त्यांनी एकाच शब्दांत लिहून दिलंय का? आणि वाद झाला तर ऐकायचं कोणाचं? १९४६ मध्ये हे प्रश्न 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवले गेले. ते नंतर आलं तेव्हा बघायला उशीर झाला होता.

आजच्यासाठी एवढंच. घरात कोणी आजी-आजोबा असतील ज्यांनी तो काळ पाहिलाय किंवा त्यांच्या आई-वडिलांकडून ऐकलाय, तर त्यांना जरूर विचारा, आणि जे सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.